साग, साज आणि खाडीतली गलबतं

भारतातून पाहुणे आले की दुबईतला प्रत्येक मराठी माणूस त्यांना एकदा तरी खाडीवर नेतोच. अब्रातून पलीकडे जायचं, मसाल्यांच्या बाजारात चक्कर मारायची, सोन्याच्या दुकानांसमोर काकू-मावशींना थोडा वेळ मोकळं सोडायचं आणि मग धक्क्याला लागलेल्या लाकडी गलबतांसमोर फोटो काढायचे. त्या फोटोनंतर एखादे काका हमखास विचारतात, "अरे, या वाळवंटात एवढं लाकूड आलं कुठून?"

हा प्रश्न मला गेली काही वर्षं पुरून उरला आहे. शिक्षणाने मी संगणक अभियंता, पोटापाण्यासाठी बँकांच्या सर्व्हरची काळजी वाहतो. सुतारकामाशी संबंध एवढाच की आजोळ विजयदुर्गाच्या बाजूचं, आणि वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये गावाजवळ मराठ्यांच्या आरमाराची जी खडकात कोरलेली गोदी आहे, ती लहानपणी मामाबरोबर पाहिलेली. मंडळाच्या अंकात दरवर्षी कविता, प्रवासवर्णनं आणि पाककृती भरपूर येतात. यंदा थोडं लाकूड वाचायची तयारी ठेवा!

काकांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की लाकूड आपल्याकडून आलं. आपल्याकडून म्हणजे सह्याद्रीच्या उतारावरून. जास्त करून मलबारातून आणि काही कोकण-गुजरातच्या बंदरांतून. आणि ते काल-परवा आलेलं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' म्हणून एक पुस्तक आहे. त्यात आपलं कल्याण आहे, सोपारा आहे. भडोचहून मोठी जहाजं सागाच्या तुळया आणि काळं लाकूड घेऊन आखातातल्या अपोलोगस आणि ओमाना या बंदरांना जातात, असंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. यातलं ओमाना नेमकं कुठलं यावर विद्वानांत वाद आहेत, पण काही पुरातत्त्वज्ञांच्या मते ते उम्म अल् कुवैनजवळचं एद्-दुर. रस अल् खैमाला सहलीला जाताना आपण त्याच्याजवळून शंभरच्या वेगाने निघून जातो.

शब्दाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. संस्कृतात 'शाक', त्याचा आपला 'साग', आणि तोच फारसीतून अरबीत गेला तो 'साज' होऊन. इंग्रजांनी मात्र मल्याळममधला 'तेक्कु' पोर्तुगीजांकडून उचलला आणि त्याचा 'टीक' केला. म्हणजे या शब्दाच्या बाबतीत मराठी माणूस आणि अरब हे एका घरचे, इंग्रज दुसऱ्या घरचा. दहाव्या शतकातला भूगोलकार इस्तख्री इराणच्या किनाऱ्यावरच्या सिराफ बंदराबद्दल लिहितो, की तिथली घरं साजाच्या आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या लाकडाची आहेत. ट्युनिशियातल्या कैरवानच्या मोठ्या मशिदीत नवव्या शतकातला एक सागवानी मिंबर, म्हणजे प्रवचनाची पायऱ्यांची चौकी, अजून उभा आहे. तीनशेहून जास्त कोरीव तुकडे चौकटींत बसवून तो बनवलेला आहे. हे 'तुकडे चौकटींत' प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता प्रश्न येतो तो हवामानाचा. मलबारच्या पावसात वाढलेलं झाड आखाताच्या उन्हात येऊन पडतं, तेव्हा त्याचं होतं काय?

शारजात राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांची गोष्ट सांगतो. संगमेश्वराकडचं त्यांचं जुनं घर पाडलं. भावाभावांत वाटण्या झाल्या आणि यांच्या वाट्याला माजघरातला सागवानी झोपाळा आला. एका अखंड फळीचा, दोन फूट रुंद, साठ वर्षांचा. त्याच झोपाळ्यावर त्यांच्या आईने चार मुलांना झोके दिले होते. हौसेने तो कंटेनरमधून आणला. इथल्या एका फर्निचरवाल्याने "मजबुतीसाठी" म्हणून फळीच्या दोन्ही टोकांना खालून आडव्या लोखंडी पट्ट्या स्क्रूने आवळून दिल्या. दिवाणखान्यात एसी चोवीस तास चालू. चार महिन्यांनी एका रात्री बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि फळीला टोकापासून हातभर लांब चीर गेली. वहिनी म्हणाल्या, "साठ वर्षं मुरलेलं लाकूड हो, ते कसं तडकेल?"

तर तडकतं. लाकूड कितीही जुनं झालं तरी हवेतलं पाणी घेणं-सोडणं ते थांबवत नाही. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी आधी जातं आणि तेव्हा लाकूड फक्त हलकं होतं, आकसत नाही. पाण्याचं वजन कोरड्या लाकडाच्या साधारण २८ ते ३० टक्क्यांवर आलं की भिंतीतलं पाणी जाऊ लागतं आणि खरी गंमत सुरू होते. तिथून पुढे लाकूड आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडच्या दिशेला थोडं, आणि वर्षांच्या वलयांच्या कडेकडेने सगळ्यात जास्त. अमेरिकेच्या वनखात्याच्या कोष्टकात सागाचे आकडे असे आहेत: हिरव्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत गाभा-साल दिशेला २.५ टक्के, वलयांच्या दिशेला ५.८ टक्के. त्यांच्याकडच्या पांढऱ्या ओकचे हेच आकडे ५.६ आणि १०.५ आहेत. साग एवढा नावाजला जाण्याचं एक कारण इथे आहे. तो हलतो कमी.

कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्के असते, तेव्हा उघड्यावरच्या लाकडात १८ ते २० टक्के पाणी असतं. इथल्या एसी खोलीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास धरली तर लाकूड ९ टक्क्यांवर येऊन थांबतं. आता आपला धंदा हिशेबाचा, म्हणून करून बघितला. फूटभर, म्हणजे ३०० मिलीमीटर रुंदीची फळी १६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आली, आणि ती वलयांना चिकटून कापलेली असली, तर ती सव्वाचार मिलीमीटरच्या आसपास आकसते. तीच फळी गाभ्यातून उभी कापलेली असेल तर दोन मिलीमीटर. म्हणजे झाड तेच, खोली तीच, फक्त करवत कुठून फिरवली यावर दुपटीचा फरक! झोपाळा तर दोन फुटी. त्याला आकसायचं होतं आठ-नऊ मिलीमीटर, आणि लोखंडी पट्ट्यांनी त्याला दोन्ही टोकांना पकडून ठेवलं. मग ताण कुठेतरी निघणारच. आपल्या जुन्या सुतारांनी हे आकडे पाहिले नव्हते, पण वाड्याच्या दारात मधली फळी ते चौकटीच्या खोबणीत सैल सोडत, खिळा मारत नसत. कैरवानच्या मिंबरात तेच केलेलं आहे, साडेअकराशे वर्षांपूर्वी.

आकसण्याचा आणि फुगण्याचा उपयोग करून घेणं ही त्याच्या पुढची पायरी. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून बसवतात. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकलं की धाव सैल होते, आणि मग गाडीवान चाक नदीत बुडवून ठेवतो. लाकूड फुगतं, धाव घट्ट. आखातातलं गलबत याच तत्त्वावर चालतं. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या गलबताच्या फळ्या उन्हाने सुकतात, सांधे उघडतात. ते पुन्हा पाण्यात घातलं की पहिले काही दिवस आत पाणी येतं, खलाशी उपसत बसतात. मग फळ्या फुगून एकमेकींना भिडतात आणि गळती थांबते. सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासलेला असतो, तो याच दाबाखाली आवळला जातो. फळ्या भिडतात पण फुटत नाहीत, एवढंच अंतर ठेवायचं. ते अंतर इथले कारागीर नजरेने ठरवत. इथे आधी फळ्यांचं कवच उभं करायचं आणि आतल्या बरगड्या नंतर त्याच्या मापाने बसवायच्या अशी पद्धत, आणि नकाशा कागदावर नसायचाच. स्पेसिफिकेशन डॉक्युमेंटशिवाय प्रोजेक्ट वेळेत पूर्ण करणारे लोक मी तरी फक्त हेच ऐकले आहेत.

लाकूड टिकवण्यासाठी ते काय करत, तर वरच्या भागाला शार्क माशाचं तेल चोपडायचं आणि पाण्याखालच्या भागाला चुना आणि जनावराची चरबी यांचा लेप द्यायचा. तेलाचा वास कसा असतो ते विचारू नका. मुरुडच्या सुक्या मासळीच्या बाजारात वाढलेला माणूसही नाक धरेल. पण यामागे पक्कं शास्त्र आहे. तेल पेशींच्या भिंतीत शिरून त्यांना फुगवत नाही, त्यामुळे तेल लावल्याने फळीचं माप बदलत नाही. शिवाय तेल उन्हात पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतं, म्हणजे वरून सुकलेली आणि आतून ओली अशी फळीची ओढाताण होत नाही. चुन्या-चरबीचा लेप लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्याला आत शिरू देत नाही. तोटा एवढाच, की हे सगळं धुऊन जातं आणि पुन्हा पुन्हा करावं लागतं.

आधुनिक शास्त्राने नेमका उलटा रस्ता धरला. १८३८ साली इंग्लंडमध्ये जॉन बेथेलने लाकूड बंद टाकीत घालून आधी हवा काढायची आणि मग दाबाने क्रिओसोट, म्हणजे कोळशाच्या डांबराचं तेल, आत घुसवायचं अशा पद्धतीचं पेटंट घेतलं. रेल्वेचे स्लीपर त्यावर जगले. पुढचं मोठं पाऊल मात्र आपल्या देशात पडलं, आणि ते आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे कोण जाणे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत डॉ. सोंटी कामेसन यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं पाण्यातलं मिश्रण शोधून काढलं. 'अॅस्कू' या नावाने ते ओळखलं गेलं आणि पुढे जगभर विजेचे खांब, कुंपणं, घरांचे ओटे यासाठी त्याच जातीची रसायनं वापरली गेली. क्रोमियममुळे बाकीची दोन द्रव्यं लाकडाला पक्की धरून बसतात, पावसाने धुऊन जात नाहीत, ही त्यातली खुबी. आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून ते मागे घेतलं गेलं, युरोपनेही निर्बंध घातले. तरी शोध मोठाच.

पण पाण्यातून औषध द्यायचं म्हणजे सुकवलेलं लाकूड पुन्हा भिजवायचं. ते फुगतं आणि पुन्हा सुकताना आकसतं, वाकतं, कधी पीळ घेतं. म्हणून औषध दिलेलं लाकूड दुसऱ्यांदा सुकवल्याशिवाय त्याचं दार करू नये. आपल्याकडे घाईत नेमकं हेच होतं, आणि पहिल्या वर्षातच कपाटाचं दार लागेनासं झालं की आपण सुताराला बोलतो. सागाच्या गाभ्याला मात्र या सगळ्याची गरज नाही. त्याच्यात औषध शिरतही नाही सहजासहजी, कारण निसर्गाने आधीच तेल आणि वाळवीला नकोशी द्रव्यं भरून ठेवली आहेत. सागाचा बाहेरचा पांढरा भाग मात्र इतर कुठल्याही लाकडासारखाच किडीला बळी पडतो. "सागवान आहे" एवढ्या शब्दावर माल घेणाऱ्यांनी तो पांढरा पट्टा किती आहे ते आधी बघावं.

एक गोष्ट इथल्या घरांबद्दल. दुबई म्युझियम ज्या अल् फहिदी किल्ल्यात आहे तो १७८७ च्या सुमाराचा. शिंदगातलं शेख सईद यांचं घर १८९६ चं. अशा जुन्या इमारतींच्या छताला साग नाही, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या खारफुटीच्या बल्ल्या आहेत. त्यांना इथे 'चंदल' म्हणतात. बल्ली मिळायची तीन-साडेतीन मीटर, म्हणून खोलीची रुंदी तेवढीच. घरधनी श्रीमंत झाला तर खोली लांब होई, रुंद नाही. या बल्ल्या गोलच ठेवत. गोल लाकूड सुकताना त्याला सालीकडून गाभ्याकडे जाणारी लांब भेग पडतेच, कारण घेर जास्त आकसतो आणि त्रिज्या कमी. पण अशा भेगेने तुळईच्या ताकदीला फारसा धक्का लागत नाही, म्हणून कोणी तिची पर्वा केली नाही.

आता जरा आपल्या बाजूला येऊ. सागाची किंमत आपल्या राज्यकर्त्यांना कळत होती. १७१५ च्या सुमाराला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं आणि कोणाच्या परवानगीने तोडावं याचे नियम आहेत. आंबा-फणसाची झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये, ही ताकीदही आहे. अठराव्या शतकातल्या एका राज्याच्या कागदात हे सापडतं याचा मला आजही अचंबा वाटतो. कान्होजी आंग्र्यांची जहाजं याच काळातली.

दुसरीकडे मुंबईत १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले आणि गोदी उभी राहिली. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडचा ओक संपत आला, तेव्हा ब्रिटिश आरमाराने मुंबईकडे तोंड वळवलं. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागात टिकतात, हाही फायदा होताच. जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईत पाण्यात उतरलं. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, दोनशेहून अधिक वर्षं होऊनही तरंगतं आहे. 'कॉर्नवॉलिस' १८१३ चं; १८४२ चा नानकिंगचा तह त्याच्यावर झाला. त्याच्यासाठी इंग्लंडहून तांबं घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांनी ब्राझीलजवळ बुडवलं, तरी मुंबईचं काम अडलं नाही. आणि १८१५ चं 'वेलस्ली' शेवटी १९४० साली जर्मन विमानांच्या हल्ल्याने थेम्सवर बुडालं. सव्वाशे वर्षांच्या सागाला संपवायला विमान लागलं!

याच मुंबईहून १८०९ आणि पुन्हा १८१९ साली इंग्रजांच्या मोहिमा रस अल् खैमावर निघाल्या आणि तिथल्या कवासिमांची जहाजं त्यांनी जाळली. जानेवारी १८२० मध्ये तिथे तह झाला. त्यातूनच पुढे या किनाऱ्याचा एकशेपन्नास वर्षांचा इतिहास घडला. शाळेतल्या पुस्तकात एवढं असतं. मला त्यातली एक गोष्ट सलते. या किनाऱ्यावर जहाजाला पुरेल असं झाडच उगवत नव्हतं. जाळलेल्या प्रत्येक गलबतामागे मलबारच्या किंवा कोकणच्या बाजूच्या रानातली झाडं होती, आणि त्या जागी नवं बांधायचं तरी पुन्हा त्याच रानाकडे यावं लागत होतं. लढाईत दोन्ही बाजूंना जळाऊ माल सह्याद्रीचाच.

रानाचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. १८०६ साली आरमाराला साग मिळावा म्हणून कंपनीने मलबारात कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याला वनसंरक्षक नेमलं. त्याने झाडं सरकारजमा केली. लोक आणि व्यापारी इतके वैतागले की १८२३ मध्ये ते पदच रद्द झालं. १८४० च्या दशकात निलंबूरला कनोली या कलेक्टरने सागाची लागवड सुरू केली. ती जगातल्या सर्वांत जुन्या सागलागवडींपैकी एक आहे. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा पहिला वनसंरक्षक मिळाला. पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेचा हा माणूस. दक्षिण कोकणात जंगल तुटलं आणि झरे आटले, हे तो तेव्हाच सांगत होता. आज्ञापत्रातल्या ताकिदीनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांत ही पाळी आली. वाडियांचं नाव निदान इतिहासात राहिलं. ज्यांनी मलबारात झाडं तोडून हत्तींनी ओढली, मुंबईत करवती ओढल्या, आणि इथे अजमान-शारजाच्या वाळूत फळ्या वाकवल्या, त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला सापडलेलं नाही.

गलबतं आता बरीचशी फायबरग्लासची होतात. ती फुगत नाहीत, आकसत नाहीत, वर्षातून दोनदा तेल मागत नाहीत. कोळी माणसाने ती का घेऊ नयेत? मी त्याच्या जागी असतो तर मीही घेतली असती.

मात्र अगदी जुनी, खिळ्यांशिवाय शिवलेल्या जहाजांची विद्या लोकांनी मधूनमधून पुन्हा करून पाहिली आहे. १९८० मध्ये टिम सेव्हरिन यांनी ओमानच्या सूर गावात 'सोहार' बांधलं. त्याचं लाकूड मलबारातल्या पाटफणसाचं आणि दोर काथ्याचे होते. ते मस्कतहून निघून १९८१ मध्ये चीनला पोहोचलं. आणि आता अलीकडे भारतीय नौदलासाठी गोव्यात बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केरळच्या कारागिरांनी शिवलेलं 'कौंडिण्य' २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. त्याच डिसेंबरात ते पोरबंदरहून शिडावर निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला लागलं. त्यात फळ्या काथ्याच्या दोराने एकमेकींना शिवल्या आहेत, सांध्यांत नारळाचा काथ्या आणि राळ. दोर थोडा देतो, थोडा घेतो, त्यामुळे फळी फुगली तरी तिला कोणी आवळून धरत नाही.

शारजाच्या त्या झोपाळ्याच्या लोखंडी पट्ट्या स्नेह्यांनी काढून टाकल्या आहेत. चीर तशीच आहे. खालून आडव्या सागवानी पट्ट्या लावल्या, त्यांच्यातली स्क्रूची भोकं लांबट ठेवली, म्हणजे फळीला सरकायला जागा. वहिनी म्हणतात, एसी बंद करून सुट्टीला भारतात जाऊन आलं की चीर थोडी मिटलेली दिसते, आणि महिन्याभरात पुन्हा उघडते.